यादीत पीट पोस्टलथ्वेट हवा होता

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ब्रिटिश अभिनयाच्या परंपरेवर आलेला लेख मी इथे यॉर्कशायरमध्ये वाचला. लेख मनापासून लिहिला आहे आणि त्यातल्या कुणाच्या मोठेपणाबद्दल माझा वाद नाही. पण राजे, लॉर्ड, गुप्तहेर आणि प्राध्यापक रंगवणाऱ्यांची ती यादी संपली, तरी खाणीत, गोदीत, बांधकामावर राबणारा माणूस ज्यांनी पडद्यावर उभा केला त्यांच्यापैकी एकही नाव आलं नाही. निदान पीट पोस्टलथ्वेट हे नाव यायलाच हवं होतं. तो २ जानेवारी २०११ रोजी गेला. वय फक्त ६४. त्याच्यावर मराठीत माझ्या वाचण्यात फारसं काही आलेलं नाही, म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे.

मी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट. लहानपण लालबागच्या चाळीत गेलं, शिक्षण मुंबईत झालं आणि लग्नानंतर साउथ यॉर्कशायरमध्ये, बार्न्सलीजवळ राहायला आले. तेव्हापासून श्वसनविकारांच्या वॉर्डात काम करते. हा सगळा टापू एके काळी कोळशाचा. माझ्याकडे येणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी कितीतरी जण शाळा सुटल्या सुटल्या खाणीत उतरलेले. मनातल्या मनात मी त्यांना आजोबाच म्हणते. दर हिवाळ्यात त्यांची संख्या कमी होत चालली आहे. अभिनयाचं शास्त्र मी शिकलेले नाही, पण दम लागलेला माणूस कसा बसतो, कसा बोलतो, कशावर चिडतो, हे ओळखणं माझं रोजचं काम आहे. त्या अधिकाराने लिहिते.

१९९६ साली मार्क हर्मन या दिग्दर्शकाचा ‘ब्रास्ड ऑफ’ आला. गोष्ट ग्रिमली नावाच्या काल्पनिक गावातली, पण हे ग्रिमली म्हणजे आमच्या जवळचं ग्रिमथॉर्प, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मार्च १९८४ ते मार्च १९८५ असा वर्षभर चाललेला खाणकामगारांचा संप मोडला गेला आणि त्यानंतर खाणी एकामागून एक बंद होत गेल्या. १३ ऑक्टोबर १९९२ रोजी सरकारने एका दमात ३१ खाणी बंद करण्याची घोषणा केली. तीस हजार नोकऱ्या जाणार होत्या आणि ग्रिमथॉर्पची खाण त्या ३१ मध्ये होती. ही बातमी येऊन चार-पाच दिवस होतात न होतात तोच ग्रिमथॉर्प कोलियरी बँड लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकून आला. पुढच्याच वर्षी खाणीला टाळं लागलं. चित्रपटाचा कणा हा एवढा खरा इतिहास आहे, आणि त्यात ऐकू येणारं वादनही त्याच बँडचं आहे.

इथल्या ब्रास बँडबद्दल थोडं सांगते, कारण त्याशिवाय पीटचं काम कळणार नाही. ग्रिमथॉर्पचा बँड १९१७ साली उभा राहिला आणि आजही वाजतो. खाणीच्या बँडमधले वादक खाणीतच काम करणारे असत. दिवसभर कोळसा काढायचा, आंघोळ करायची आणि संध्याकाळी कॉर्नेट, ट्रॉम्बोन, युफोनियम घेऊन तालमीला बसायचं. तालीमही ऐऱ्यागैऱ्या सुरांची नव्हे, ऑपेराच्या पूर्वरंगांची आणि स्पर्धेसाठी मुद्दाम रचलेल्या अवघड रचनांची. जी फुप्फुसं दिवसभर धूळ ओढत होती, त्याच फुप्फुसांनी रात्री हे सूर काढायचे. माझ्या एका रुग्ण आजोबांनी तरुणपणी बँडमध्ये टेनर हॉर्न वाजवलं होतं. त्यांना मी ओठ आवळून हळू श्वास सोडण्याचा व्यायाम शिकवायला गेले, तर तो त्यांनी पहिल्याच फटक्यात इतका सफाईने केला की मला शिकवायला काही उरलंच नाही.

पीटने यात डॅनी रंगवला आहे. डॅनी बँडमास्तर. आयुष्य खाणीत गेलेलं, छातीत कोळशाची धूळ साठलेली, डॉक्टरी भाषेत न्यूमोकोनिओसिस. खाण राहणार की जाणार यावर गावात मतदान होऊ घातलं आहे, घराघरांत कर्जं झाली आहेत, आणि या माणसाच्या डोक्यात एकच गोष्ट आहे: अल्बर्ट हॉलची स्पर्धा. खाण गेली तरी बँड राहिला पाहिजे.

चित्रपटांतला आजारी माणूस बहुधा खोकतो तो आपल्यासाठी, म्हणजे प्रेक्षकांना कळावं म्हणून. पीटचा खोकला तसा नाही. खऱ्या रुग्णाला खोकला ही मध्येच आलेली कटकट वाटते. वाक्य तुटलं याचा त्याला राग येतो, तो उबळ दाबायला बघतो, आणि ती गेली की काही झालंच नाही अशा चेहऱ्याने पुढचं बोलतो. पीट नेमकं हेच करतो. जुनाट दम्याच्या माणसाचे खांदे नकळत वर चढलेले असतात, मानेचे स्नायू श्वासासाठी राबत असतात. तशा छातीने दांडू हातात घेऊन बँड चालवायचा म्हणजे काय, हे त्याच्या उभं राहण्यात दिसतं. त्याच्या वर आलेल्या गालफडांबद्दल आणि मोठ्या नाकाबद्दल इंग्रजी समीक्षकांनी पुष्कळ लिहिलं आहे. मला विचाराल तर त्याचं खरं काम गळ्याखाली आणि खांद्यांत आहे.

डॅनी कोसळतो आणि रुग्णालयात पडतो. रात्री बँडवाले खाणीतल्या हेल्मेटचे दिवे लावून खिडकीखाली येतात आणि त्याच्यासाठी वाजवतात. आमच्या वॉर्डातल्या एका परिचारिकेचे वडील खाणीत होते. हा प्रसंग आला की ती टीव्ही बंद करून उठून जाते.

आणि मग अल्बर्ट हॉल. बँड जिंकतो. डॅनी बिछान्यातून पळून तिथे पोहोचलेला असतो. करंडक घ्यायला व्यासपीठावर येतो आणि घ्यायला नकार देतो. आजवर मला संगीतच सगळ्यात महत्त्वाचं वाटत आलं, पण माणसांपुढे त्याची काय किंमत, असा त्याच्या बोलण्याचा रोख आहे. आम्ही सील किंवा व्हेल असतो तर तुम्ही सगळे आमच्यासाठी पेटून उठला असता, असं तो त्या सभागृहाला तोंडावर सुनावतो. हे भाषण कुणाही नटाने गर्जना करत म्हटलं असतं. पीट ते मोजक्या श्वासांत म्हणतो. आवाज चढवायला छातीत हवाच नाही, म्हणून शब्द निवडून, थांबून, समोरच्याच्या डोळ्यांत बघून. त्यात तो कुणाकडे दया मागत नाही. तो हिशेब मागतो. माझ्या मते त्याच्या सगळ्या कामाचं मर्म इथे आहे.

आमच्या आजोबांना हा चित्रपट पाठ आहे. त्यांतल्या काहींना त्यातली भांडणं आणि शिव्या कमी वाटतात, काहींना शेवट गोड वाटतो, पण डॅनीबद्दल कुणी ब्र काढत नाही. चित्रपट आला तेव्हा खाणकामगारांच्या छातीचा खटला कोर्टात होता. १९९८ मध्ये उच्च न्यायालयाने ब्रिटिश कोल या सरकारी खाण महामंडळाला कामगारांच्या श्वसनविकारांबद्दल जबाबदार धरलं आणि त्यानंतर लाखो दावे दाखल झाले. म्हणजे कोर्टाचा निकाल लागण्याआधी दोन वर्षं एका नटाने तो आजार सगळ्या देशाला घराघरांत दाखवला होता.

हा माणूस आला कुठून? वॉरिंग्टनहून. लिव्हरपूल आणि मँचेस्टरच्या मधलं हे कारखान्यांचं गाव. ७ फेब्रुवारी १९४६ चा जन्म, चार भावंडांत धाकटा. वडील आधी लाकडी पिंपं बनवणारे, मग लाकूडकामाच्या यंत्रावर, आणि पुढे शाळेत देखभालीच्या कामावर. घर कॅथलिक, त्यामुळे मुलगा पाद्री व्हायला सेमिनरीत गेला आणि ते सोडून परत आला. नंतर शिक्षक होण्यासाठी लंडनजवळच्या सेंट मेरीज कॉलेजात शिकला, विषय नाटक आणि शारीरिक शिक्षण. मँचेस्टरमध्ये काही काळ नाटक शिकवलं. तेव्हा कुठे ब्रिस्टल ओल्ड व्हिक थिएटर स्कूलमध्ये प्रवेश घेतला. आडनाव बदल, असा सल्ला त्याला सुरुवातीला मिळाला होता. एवढं लांब नाव थिएटरबाहेर दिव्यांनी लिहायचं तर विजेचं बिल परवडणार नाही, असं कारण सांगितलं गेलं. त्याने नाव ठेवलं. वॉरिंग्टनचा उच्चारही ठेवला, आणि त्या काळी हे नाव ठेवण्यापेक्षा अवघड होतं.

त्याला घडवलं लिव्हरपूलच्या एव्हरीमन थिएटरने. होप स्ट्रीटवरच्या जुन्या इमारतीत १९६४ मध्ये सुरू झालेलं हे थिएटर सत्तरच्या दशकात ऐन भरात होतं. जॉनथन प्राइस, बिल नाय, ज्युली वॉल्टर्स असे पुढे नावारूपाला आलेले नट तेव्हा तिथे होते, आणि ॲलन ब्लीझडेल, विली रसेल यांच्यासारखे त्याच शहरातल्या कामकरी घरांतले लेखक त्यांच्यासाठी लिहीत होते. ही मंडळी पबमध्ये जाऊनही प्रयोग करत. तिथे प्रेक्षक दिवसभर राबून ग्लास हातात घेऊन बसलेला. खोटा वाटला की तोंडावर सांगणारा, किंवा सरळ पाठ फिरवून गप्पा मारणारा. ज्यांना रंगवायचं त्यांच्याच पुढ्यात उभं राहून रंगवायचं, असं शिक्षण कोणत्या संस्थेत मिळणार?

ऐंशीच्या दशकात तो रॉयल शेक्सपिअर कंपनीत गेला. १९८६ मध्ये ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मधला बॉटम त्याने केला. माझे वडील मुंबईत गिरणीच्या साचाखात्यात, म्हणजे विणकाम खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी शाळकरी होते. पुढे आम्ही साताऱ्याकडे गावी गेलो आणि वडिलांनी परत कधी साच्याला हात लावला नाही. बॉटमही विणकर आहे. शेक्सपिअरने आपल्या नाटकात सुतार, कल्हईवाला, शिंपी आणि विणकर यांना नाटक बसवायला लावलं आणि चारशे वर्षं लोक त्यांना हसत आले. आपल्याला सगळ्याच भूमिका जमतील असं बॉटमला वाटतं, यावर तर सगळ्यात जास्त हशा होतो. पिंपं बनवणाऱ्याचा मुलगा स्ट्रॅटफर्डच्या त्या रंगमंचावर विणकर म्हणून उभा राहिला, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. तो प्रयोग मी पाहिला असता तर हसले नसते.

१९८८ च्या ‘डिस्टंट व्हॉइसेस, स्टिल लाइव्ह्ज’बद्दल आता लिहिते. टेरेन्स डेव्हिस या दिग्दर्शकाने लिव्हरपूलमधलं आपल्याच कुटुंबाचं चाळीस-पन्नासच्या दशकांतलं आयुष्य यात मांडलं. पीट यात बाप आहे. बायकोला मारणारा, मुलींना झाडूने झोडपणारा, सगळं घर धाकात ठेवणारा बाप. कामगारांबद्दल जिव्हाळा असलेले लेखक-दिग्दर्शक बऱ्याचदा कामगाराला संत करून टाकतात. इथे तसं काही नाही, आणि पीटने ती भूमिका जराही मऊ केलेली नाही.

बॉम्बहल्ल्याचा भोंगा झाला आहे, मुलं निवाऱ्याकडे धावतात, उशिरा पोहोचतात. बाप थोरल्या मुलीच्या थोबाडीत मारतो आणि लगेच तिला म्हणतो, गा. ती रडत रडत गाऊ लागते, हळूहळू सगळा निवारा गाऊ लागतो. त्या थपडेत मुलं मेली असती या भीतीचा थरकाप आहे, आणि ती भीती सांगायला त्या माणसाकडे हाताखेरीज दुसरी भाषा नाही. नाताळच्या आदल्या रात्री तो झोपलेल्या मुलांकडे इतक्या मायेने बघतो की आपण विरघळतो. पुढे तोच जेवणाच्या टेबलावरची चादर हिसडा देऊन ओढतो, अन्न-भांडी सगळी जमिनीवर, आणि बायकोला ओरडतो की हे साफ कर. मधला दुवा दिग्दर्शकाने दिलेला नाही. पीटनेही दिलेला नाही. मुलगा सैन्यातून पळून येतो, हाताने काच फोडतो आणि रक्ताळलेल्या हाताने बापाला म्हणतो, माझ्याबरोबर एक पेला घे. बाप नको म्हणतो. बस, एवढंच. चाळीत वाढलेल्या कोणालाही हा बाप ओळखता येईल. आमच्या मजल्यावर असे दोघे-तिघे होते. त्यांना कुणी क्षमा करावी असं मी म्हणत नाही आणि चित्रपटही म्हणत नाही, पण त्यांना इतकं पूर्ण मी दुसरीकडे कुठेही पाहिलेलं नाही. कान महोत्सवात त्या वर्षी समीक्षकांचं आंतरराष्ट्रीय पारितोषिक या चित्रपटाला मिळालं.

त्यानंतर पाच वर्षांनी त्याने याच्या अगदी उलट बाप केला. १९९३ च्या जिम शेरिडनच्या ‘इन द नेम ऑफ द फादर’मधला जुझेप्पे कॉनलन हा उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टचा खरा माणूस. ऑक्टोबर १९७४ मध्ये इंग्लंडमधल्या गिल्डफर्डच्या पबमध्ये बॉम्ब फुटले, पोलिसांनी जुझेप्पेच्या मुलाला, जेरीला पकडलं. मुलाला वकील मिळवून द्यायला आजारी बाप समुद्र ओलांडून लंडनला आला आणि स्वतःच पकडला गेला. स्फोटकं हाताळल्याच्या खोट्या आरोपावरून शिक्षा झाली. जानेवारी १९८० मध्ये तो कैदेतच मेला. मुलाची शिक्षा १९८९ मध्ये रद्द झाली, बापाची १९९१ मध्ये, मेल्यानंतर अकरा वर्षांनी. २००५ मध्ये पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी जाहीर माफी मागितली. चित्रपटात बापलेक एकाच कोठडीत दाखवले आहेत, प्रत्यक्षात तसं नव्हतं. हा फरक वाचकांना सांगायला हवा, कारण गोष्ट खऱ्या माणसांची आहे.

इथेही फुप्फुसं आजारीच. पण डॅनीचा श्वास चिडका आहे आणि जुझेप्पेचा श्वास सोशिक. तो एका इंग्लिश नटाने केला आहे हे विसरायला होतं, इतका बेलफास्टचा उच्चार बेमालूम आहे. मुलगा चिडतो, बापाला दुबळा म्हणतो, आणि बाप पुन्हा शांतपणे अर्ज लिहायला बसतो, पत्रं लिहायला बसतो. तो मरतो तेव्हा सगळे कैदी पेटते कागद खिडक्यांतून खाली सोडतात. समोर डॅनियल डे-लुइससारखा नट पूर्ण ताकदीने उभा असताना, हा माणूस जवळजवळ काहीच न करता आपली नजर धरून ठेवतो. सहायक अभिनेत्याच्या ऑस्करसाठी त्याचं नामांकन झालं, पारितोषिक दुसऱ्याला गेलं.

हॉलिवूडच्या कामांवर मी जास्त लिहिणार नाही. ‘द युझ्वल सस्पेक्ट्स’मधला कोबायाशी, ‘द लॉस्ट वर्ल्ड’मधला शिकारी, ‘इन्सेप्शन’मधला मरणाला टेकलेला उद्योगपती, हे आपल्या वाचकांनी पाहिलेले असणार. स्पीलबर्गने त्याला जगातला सर्वोत्तम नट म्हटलं. त्यावर त्याचं उत्तर असं की, पीटला आपण जगातले सर्वोत्तम नट आहोत असं वाटतं, असंच स्पीलबर्ग म्हणाला असणार. एवढं झाल्यावर माणूस अमेरिकेत राहायला गेला असता. हा श्रॉपशरच्या ग्रामीण भागात राहिला आणि २००८ मध्ये, लिव्हरपूल युरोपची सांस्कृतिक राजधानी असताना, शेक्सपिअरचा किंग लिअर करायला एव्हरीमनलाच परत आला.

आता तो मुद्दा, ज्यावर आमच्या वॉर्डात एकदा चांगलीच जुंपली होती. मार्च २००९ मध्ये ‘द एज ऑफ स्टुपिड’ हा हवामानबदलावरचा चित्रपट आला. पीट त्यात २०५५ सालातला, उद्ध्वस्त जगात उरलेला एक म्हातारा आहे. त्याच्या पहिल्या खेळाच्या वेळी, ऊर्जामंत्री एड मिलिबँड हजर असताना, त्याने जाहीर केलं की केंटमधल्या किंग्जनॉर्थला नवं कोळशाचं वीजकेंद्र मंजूर झालं तर २००४ मध्ये मिळालेला ओबीई किताब मी परत करीन. ते वीजकेंद्र पुढे बारगळलं. एक आजोबा म्हणाले, आमच्या खाणीसाठी रडला आणि मग आमच्याच कोळशाला उठला. शेजारच्या खाटेवरच्यांनी त्यांना झापलं: आपल्या खाणी काय हवा शुद्ध व्हावी म्हणून बंद केल्या होत्या? बंद झाल्यावरही कोळसा जळतच होता, फक्त बोटीने बाहेरून येत होता.

मी दुसऱ्या आजोबांच्या बाजूची आहे. यॉर्कशायरमधल्या केलिंग्ली या शेवटच्या खोल खाणीला डिसेंबर २०१५ मध्ये टाळं लागलं. शेवटचं कोळशाचं वीजकेंद्र बंद झालं सप्टेंबर २०२४ मध्ये. मधली जवळजवळ नऊ वर्षं कुणाचा कोळसा जळला ते उघड आहे. कोळसा सोडायचाच होता, पण ज्यांनी तो काढला त्यांना वाऱ्यावर सोडायचं कारण नव्हतं. डॅनीचं भाषण कोळशाविषयी नव्हतंच, ते माणसांविषयी होतं. किंग्जनॉर्थला विरोध करणारा पीटही माणसांविषयीच बोलत होता. मला त्यात विसंगती दिसत नाही. पहिल्या आजोबांचा राग मात्र मी खोटा ठरवणार नाही, त्यांनी त्याची किंमत छातीने मोजली होती.

आणखी एक गोष्ट आपल्या लेखकांनी पुढच्या वेळी जरूर लिहावी. पीटच्या पिढीत पिंपं बनवणाऱ्याचा मुलगा नट झाला यामागे त्याच्या गुणांइतकीच व्यवस्था होती. १९६२ च्या शिक्षण कायद्याने पदवीच्या विद्यार्थ्याची फी स्थानिक प्रशासन भरत असे, आणि घरची ऐपत नसली की राहण्याजेवण्याचा खर्चही देत असे. गावोगावी स्वतःची नटमंडळी बाळगणारी थिएटरं होती, तिथे तरुण नटाला पगारावर शिकता येत असे. १९९८ मध्ये फी आली, त्याच सुमारास राहण्याचं अनुदान जाऊन कर्ज आलं, २०१२ पासून इंग्लंडमध्ये वर्षाची फी ९,००० पौंडांपर्यंत गेली. कायमची नटमंडळी बाळगणं थिएटरांना जड झालं. ज्युली वॉल्टर्स यांनीच जाहीरपणे म्हटलं आहे की आपल्यासारख्या घरातल्या मुलीला आज ही वाट परवडणार नाही. आपल्या पुरवणीतल्या यादीत बड्या खासगी शाळांत शिकलेले इतके नट का आहेत, त्याचं उत्तर इथे सापडेल. गुणवान मुलं वॉरिंग्टनमध्ये आजही जन्मतात, त्यांच्यासाठी दार अरुंद झालं आहे. आपल्याकडे निळू फुले पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत सेवादलाच्या कलापथकातून वर आले. तशी कलापथकं आज किती उरली आहेत, हेही कुणीतरी तपासून लिहावं.

शेवटपर्यंत पीट काम करत होता. कर्करोग झालेला असतानाही ‘द टाउन’मध्ये त्याने फुलांचं दुकान चालवणारा क्रूर गुंड केला. त्या कामासाठी बाफ्ताचं नामांकन झालं तेव्हा तो गेलेला होता. ही भूमिका मी मुद्दाम पुन्हा पाहिली. बारीक झालेल्या शरीरात श्वास कमी आहे, आणि तो त्याचाही वापर करतो. हळू बोलतो, त्यामुळे समोरच्याला पुढे झुकून ऐकावं लागतं.

माझी विनंती एवढीच आहे की या लेखमालेचा पुढचा भाग निघणार असेल तर त्यात उत्तर इंग्लंडच्या या नटांना जागा द्यावी. पीटबरोबर बर्नार्ड हिल आणि रिकी टॉमलिन्सनही यावेत. टॉमलिन्सन स्वतः प्लास्टरचं काम करत होते आणि १९७२ च्या बांधकाम कामगारांच्या संपातल्या धरण्यांवरून तुरुंगात गेले होते. ती शिक्षा २०२१ मध्ये अपील न्यायालयाने रद्द केली. ज्यांना पीटचं काम पाहायचं आहे त्यांनी ‘ब्रास्ड ऑफ’पासून सुरुवात करावी आणि ‘डिस्टंट व्हॉइसेस’ शांत दिवशी एकट्याने पाहावा, घरात लहान मुलं असताना नको. संवादांतला यॉर्कशायरचा उच्चार पहिल्यांदा जड जातो, इंग्रजी उपशीर्षकं लावून पाहावं.

आपली नियमित वाचक,
एक फिजिओथेरपिस्ट,
बार्न्सली, साउथ यॉर्कशायर